कुलूप यंत्राला, किल्ली आपल्या हाती
(कागल येथील मेळाव्यात केलेले भाषण)



ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर पडलेला दरोडा आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. त्यात कोणी तिजोरी फोडली नाही की पहारेकऱ्यावर शस्त्र उगारले नाही. एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या संगणकव्यवस्थेला बगल देऊन चोरट्यांनी आपली बनावट व्यवस्था उभी केली आणि बनावट कार्डांवर मागितलेली रक्कम मंजूर होत गेली. ११ ऑगस्ट रोजी काही तासांत २८ देशांतून पैसे काढले गेले. १३ तारखेस सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगला वळविण्यात आले. एकूण सुमारे ९४ कोटी! त्यातील काही रक्कम आपल्या कोल्हापुरातील एटीएममधूनही निघाली होती. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले.

तेथे यंत्र फसले, आणि यंत्राची राखण ही बँकेची जबाबदारी होय. पण आज उसाचे बिल, दुधाचे बिल थेट खात्यात जमा होते आणि ते खाते खिशातल्या मोबाईलवर उघडते. अशा वेळी चोर यंत्र फोडण्याचे कष्ट घेत नाही. तो माणसालाच किल्ली मागतो.

कधी तो मागतही नाही. लग्नपत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही इंग्रजी अक्षरे असतात. ती पत्रिका नव्हे, ते अ‍ॅप असते. एकदा बसवून त्याला परवानगी दिली की तुमचे संदेश ते परस्पर वाचते. ‘मी ओटीपी कोणालाच सांगितला नाही, तरी पैसे गेले’ असे सांगणारा माणूस म्हणूनच खोटे बोलत नसतो. अशी फाइल ओळखीच्या क्रमांकावरून आली तरी उघडू नये. त्या आप्ताचा मोबाईल आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही. ‘डिजिटल अटक’ नावाची अटक भारतीय कायद्यात नाही. राहिला संकेतशब्द, म्हणजे आपला पासवर्ड. नातवाचे नाव आणि जन्मसाल जोडून तो केला जातो, आणि हे दोन्ही साऱ्या गल्लीस ठाऊक असते! बँकेचा पासवर्ड दुसरीकडे वापरू नये आणि सेवा केंद्रातील संगणकावरून उठण्यापूर्वी आपले खाते बंद करावे.

एवढे करूनही घात झालाच, तर लाजेपोटी घरात बसू नये. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरवून दिले, की चूक ग्राहकाचीही नाही व बँकेचीही नाही अशा फसवणुकीची तक्रार तीन कामकाजाच्या दिवसांत केल्यास ग्राहकावर भार पडू नये. ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर तक्रार करीपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे आणि त्यानंतरचे बँकेचे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरविले जातात. ते वाटेतच अडविता यावेत म्हणून १९३० हा क्रमांक आहे. प्रथम तो फिरवावा, लगेच बँकेला कळवावे, आणि तक्रारीचा क्रमांक पासबुकावर लिहून ठेवावा.