हृदयातली जाळी आणि आतली जखम



आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून कुणी अकोल्याला जातो, कुणी छत्रपती संभाजीनगरला, तर कुणी नागपूरला. तिथे हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवून घेतो. थोड्याच दिवसांत माणूस घरी येतो. छाती दुखत नाही. अंगावर टाका दिसत नाही. घरचे म्हणतात, "बरं झालं बाप्पा, सुटलो!" पण आतली जखम अजून भरायची असते. आज आम्ही तेच सांगणार आहोत.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या असतात. त्यांना रक्तवाहिन्या म्हणतात. आत चरबी साचली की वाट अरुंद होते. डॉक्टर मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालतात. तिच्या टोकाचा फुगा फुगवून वाट मोकळी करतात. ती पुन्हा दबू नये म्हणून तिथे धातूची जाळी ठेवतात. विहिरीची माती ढासळू नये म्हणून आपण सिमेंटच्या रिंगा सोडतो ना? तसेच हे.

फुगा फुगताना रक्तवाहिनीचे आतले अस्तर सोलवटते. मग शरीर ती जखम भरू लागते. निंबाला तार बांधून ठेवली तर साल हळूहळू तारेवर चढते. तसेच नवे अस्तर जाळीवर चढते.

पण कधी कधी शरीर गरजेपेक्षा जास्त मांस वाढवते. वाट पुन्हा बुजते. म्हणून जाळीला औषध लावू लागले. अशी जाळी माणसाला प्रथम १९९९ साली ब्राझील देशात बसवली. त्या जाळीवरचे औषध मातीतल्या सूक्ष्म जंतूपासून मिळाले होते. ती माती १९६४ साली दूरच्या ईस्टर बेटावरून आणली होती. पंजाबात जन्मलेले शास्त्रज्ञ सुरेन सेहगल यांनी या औषधावर मोठे काम केले.

हे औषध हळूहळू झिरपते आणि जादा मांस वाढू देत नाही. पण त्याला बरेवाईट कळत नाही. चांगले अस्तरही त्यामुळे सावकाश वाढते. काही महिने तार उघडी राहू शकते. उघड्या तारेवर रक्त गोठते. गुठळी झाली तर वाट एकाएकी बंद होते आणि जीवही जातो.

म्हणूनच डॉक्टर रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या देतात. बहुधा एक ॲस्पिरिन आणि दुसरी क्लोपिडोग्रेल. दोन्ही किती दिवस घ्यायच्या, हे डॉक्टर ठरवतात. कुणाला सहा महिने, कुणाला वर्षभर. पुढेही एक गोळी बहुतेकांना चालू ठेवावी लागते.

बरे वाटते म्हणून गोळी सोडू नका. सोंगणीच्या घाईत विसरू नका. पैशांची अडचण असेल तर जनऔषधी केंद्रात स्वस्त गोळ्यांची चौकशी करा. दात काढायचा असेल तर आधी जाळीची गोष्ट सांगा. शौचाला काळी झाली किंवा रक्त पडले, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखले तर १०८ नंबरला फोन करा. विडी आणि तंबाखू मात्र कायमची सोडा.

आता तुम्हाला लिहिता-वाचता येते. जाळी बसवल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. रोज गोळी घेतली की त्या दिवसावर खूण करा. ज्या दिवशी खूण नसेल, त्या दिवशी घरातल्या कुणीही विचारावे, "दादा, गोळी घेतली का?"