एका विद्यार्थ्याचे वर्ष



सरत्या वर्षाचा हिशेब मागताना आपण विद्यार्थ्याला आधी गुण विचारतो. आज आम्ही या काशीक्षेत्री एका मराठी विद्यार्थ्याच्या १९१६ सालाचा हिशेब मांडू इच्छितो.

बडोद्याच्या महाविद्यालयातील विनायक नरहरी भावे २५ मार्च रोजी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघाले. परंतु वाटेत सुरतेस उतरून काशीस आले. सोबतचा एक मित्र येथेच वारला. हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात फेब्रुवारीत झालेले गांधीजींचे भाषण त्यांनी येथे वृत्तपत्रात वाचले, त्यांच्याशी पत्रव्यवहार केला आणि ७ जून रोजी अहमदाबादचा कोचरब आश्रम गाठला. परीक्षा राहिली ती राहिलीच; विनोबा मात्र त्याच वर्षी घडू लागले.

आमच्या घरी मुलाची परीक्षा हुकली, तेव्हा आम्ही आठवडाभर त्याच्याशी अबोला धरला होता. प्रत्येक मुलगा विनोबा नसतो, हे खरे. तथापि गुण विचारण्यापूर्वी 'वर्षभर काय शोधलेस, बाळ?' एवढे तरी आम्ही विचारावयास हवे होते. आपण अवश्य विचारावे, ही विनंती.