पोटाचे एक जुनाट गाऱ्हाणे

(संघाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



ज्या विषयाचा चारचौघांत उच्चार करणे असभ्य समजले जाते, तोच आज आम्ही घेतला आहे. प्रवासास निघण्यापूर्वी तीन-तीनदा शौचास धावणारी, किंवा 'पोट साफ झाले नाही' म्हणून दिवसभर कष्टी असणारी माणसे घरोघरी आहेत. त्यांजपाशी तपासण्यांच्या अहवालांची जाड पिशवी असते आणि प्रत्येक अहवालावर 'दोष नाही' असा शेरा असतो. मग घरची मंडळी म्हणतात, हे सारे मनाचे खेळ! हे म्हणणे आम्हांस मुळीच मान्य नाही.

या विकारास इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतात. यात आतड्यास व्रण पडत नाही की गाठ होत नाही. बिघडते ती त्याची चाल आणि संवेदना. जेवढा वायू दुसऱ्यास जाणवतही नाही, तेवढ्याने या रोग्यास कळ येते. आतडे व मेंदू यांच्यात निरोपांची अखंड ये-जा चालू असते. म्हणून परीक्षेची वा कर्जाची धास्ती पोटात उतरते. कित्येकांस जुलाबाच्या तीव्र दुखण्यानंतर हा विकार जडतो. २०१६ सालच्या 'रोम ४' निकषांत, तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखणे आणि त्या दुखण्याचा शौचाशी संबंध असणे, ही मुख्य खूण मानली आहे.

आपल्याकडे अशा रोग्यावर 'जुनाट आमांश' असा शिक्का मारून मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या पुनःपुन्हा चारण्याची रीत पडली. जंतू सापडला नसता त्या गोळ्या कशासाठी?

आहाराविषयी थोडे विस्ताराने सांगतो. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने रूढ केलेल्या पद्धतीत कांदा, लसूण, गहू, राजमा, दूध असे वायुकारक पदार्थ काही आठवडे कमी करतात आणि मग एकेक परत घेऊन पाहतात. पुष्कळजण पहिला भाग करतात, दुसरा विसरतात आणि जन्मभर मऊ भातावर राहून हाडे मोजीत बसतात! गव्हाच्या कोंड्याने कित्येकांचा त्रास वाढतो. इसबगोल मात्र थोड्या प्रमाणापासून, भरपूर पाण्याबरोबर घेतल्यास बहुधा मानवतो. अमिट्रिप्टिलीन हे मुळात खिन्नतेवरचे औषध. अल्प मात्रेत ते या विकारातही गुणकारी ठरते, असे २०२३ साली इंग्लंडमधील एका मोठ्या चाचणीत दिसून आले. वैद्याने ते दिले म्हणून रोग्यास वेडा ठरवू नये.

परंतु शौचावाटे रक्त पडणे, वजन घटणे, पंडुरोग, झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली तक्रार, यांपैकी काहीही असल्यास हे व्याख्यान विसरावे आणि विनाविलंब तपासणी करून घ्यावी. आमच्या भगिनी संकोचाने हीच गोष्ट सर्वांत उशिरा बोलतात.

आजच्या पंगतीसाठी व्यवस्थापक मंडळीने आमच्या विनंतीवरून एक भाजी कांदा-लसणावाचून केली आहे. ती कोणी मागितल्यास कारण विचारू नये. आणि ज्याने जिलबीस 'नको' म्हटले, त्याच्या पानात ती आग्रहाने टाकू नये.