डोळ्यातली जेली आणि मिरवणुकीतला लेझर

परळहून मी पुन्हा तुमच्यासोबत. आज आधी एक छोटा प्रयोग. मोबाइलवर कोरं पांढरं पान उघडा, ब्राइटनेस वाढवा. बारीक धागे, ठिपके तरंगताना दिसतायत? नजर हलवली की तेही सरकतात? मग तो डेड पिक्सेल नाही. तो तुमच्या डोळ्यात आहे.

डोळ्यातल्या भिंगापासून मागच्या पडद्यापर्यंतची जागा एका पारदर्शक जेलीने भरलेली असते. तिला म्हणतात व्हिट्रिअस. साधारण 4 मिलिलिटर, पण डोळ्याचा पाचातला चार भाग हीच. त्यात 98-99 टक्के पाणी, बाकी कोलॅजेनचे अतिबारीक तंतू आणि पाणी धरून ठेवणारं हायलुरॉनिक ॲसिड. हो, फेस सीरमवालंच! 1934 साली मेयर आणि पामर यांनी ते पहिल्यांदा वेगळं केलं, ते गुरांच्या डोळ्यातल्या याच जेलीतून.

जेली डोळ्याचा आकार सांभाळते, धक्के झेलते. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून प्रकाश विनाअडथळा पडद्यावर पोचतो.

पण इथेच गोची आहे. ती लेझरही अडवत नाही. उलट भिंग तो किरण पडद्यावरच्या एका ठिपक्यात गोळा करतं. 2023 च्या गणेशोत्सवानंतर नाशिकमध्ये तरुणांच्या पडद्याला अशी इजा झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. पडद्यातलं रक्त जेलीत उतरलं तर निवळायला महिने लागू शकतात. काही वेळा ऑपरेशन करून जेली काढावी लागते आणि जागी सलाइन, गॅस किंवा सिलिकॉन तेल भरतात. काढलेली जेली पुन्हा तयार होत नाही. त्यामुळे लालबागला मिरवणुकीत नाचा बिनधास्त, पण लेझरकडे बघू नका, मोबाइलच्या कॅमेऱ्यातून शूट करतानाही नाही.

आता जुन्या धाग्यांचं काय? वयानुसार जेली पातळ होते, तंतू एकत्र येतात, त्यांची सावली दिसते. मोठा मायनस नंबर असेल तर हे लवकर होतं. बहुतेकदा काळजी नसते. पण जेली आकसताना पडदा ओढला जाऊन फाटू शकतो.

म्हणून तीन खुणा लक्षात ठेवा: अचानक खूप ठिपके, अंधारात वीज चमकल्यासारखं दिसणं, आणि एका बाजूने काळा पडदा सरकणं. यात दुखत अजिबात नाही, आणि म्हणूनच लोक थांबतात. तुम्ही थांबू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. फाटलेला पडदा सुटण्याआधी सापडला, तर अनेकदा ओपीडीतच उपचार होतो.

हा भाग घरच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात!