राइनकाठचा कायदा आणि खारूनकाठचे विद्यार्थी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या प्रसंगी मी नाट्य किंवा संतवाङ्मय यांवर बोलेन, अशी काहींची अपेक्षा असेल. परंतु आपल्या घरांतील मुलेमुली आज येथील हिदायतुल्ला राष्ट्रीय विधी विद्यापीठात व अन्यत्र कायदा शिकत आहेत. त्यांपैकी कोणी प्रबंधासाठी युरोपचा पर्यावरणविषयक कायदा निवडला, की वडीलधारी मंडळी विचारतात, "अरे, रायपुरात बसून युरोपचा कायदा कशाला?" प्रश्न थट्टेचा असला तरी उत्तर गंभीरपणे दिले पाहिजे.

१ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराजवळ एका रसायनांच्या गोदामाला आग लागली. ती विझविण्यासाठी वापरलेले पाणी विषारी द्रव्यांसह राइन नदीत गेले, आणि खालच्या देशांतील प्रवाहात असंख्य मासे मेले. नदीला सीमा ठाऊक नसतात. मग कायद्यानेच सीमेपाशी का थांबावे, हा विचार त्या खंडात आधीच मूळ धरीत होता. त्याच वर्षी युरोपीय समुदायाने आपल्या मूळ करारात पर्यावरणाचे प्रकरण घातले, आणि १९८७ पासून ते अमलात आले. हानी होण्यापूर्वीच ती टाळावी, ती उगमापाशीच रोखावी, आणि जो दूषित करील त्यानेच भरपाई करावी, ही त्याची सूत्रे होत. पुरावा पूर्ण नसला तरी संभाव्य धोक्याबाबत सावध राहावे, हे सूत्र १९९२ च्या मास्ट्रिक्ट कराराने त्यांत घातले.

ही सूत्रे परकीय राहिली नाहीत. राजस्थानातील बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासविल्या. त्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने 'दूषित करणाऱ्याने भरावे' हे तत्त्व लागू केले; निकालपत्रात युरोपच्या त्या कराराचाही आधार आहे. त्याच वर्षी तामिळनाडूतील चर्मोद्योगाच्या खटल्यात हे तत्त्व आणि सावधगिरीचे तत्त्व ही दोन्ही आपल्या कायद्याचा भाग असल्याचे न्यायालयाने सांगितले. पुढे २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्याने त्यांवर शिक्कामोर्तब केले.

मात्र आमचे बरेच विद्यार्थी येथेच थांबतात. एका स्तंभात युरोपची कलमे, दुसऱ्या स्तंभात आपली. शेवटी 'भारताने युरोपचे अनुकरण करावे' हा निष्कर्ष! बिछडीची गोष्ट १९९६ मध्ये संपली नाही. भरपाईच्या वसुलीसाठी न्यायालयाला २०११ मध्ये पुन्हा आदेश द्यावा लागला. तत्त्व उसने आणणे सोपे आहे. रुपया गावकऱ्याच्या हाती पोहोचविणे कठीण आहे. संशोधनाचे खरे क्षेत्र या पंधरा वर्षांत दडलेले आहे.

आता आपल्या दारापाशी या. उरला-सिलतरा भागात कोळशावर चालणारे स्पंज लोखंडाचे कारखाने आहेत. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी भुकटी बसते, हे येथील गृहिणींना सांगावे लागत नाही. युरोपने २०२३ मध्ये एक नवा नियम केला. त्यानुसार बाहेरून येणारे लोखंड, पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम इत्यादी माल तयार होताना किती कर्बवायू बाहेर पडला, याचा हिशेब आयात करणाऱ्याने द्यावयाचा असतो. २०२६ पासून त्या प्रमाणात मोल भरण्याचे बंधनही लागू झाले. म्हणजे ब्रुसेल्सच्या कायद्याचा आपल्या भट्टीशी संबंध आला. पण एक गोष्ट लक्षात घ्या. तो नियम युरोपात जाणाऱ्या मालाचा कर्बवायू मोजतो. आपल्या गच्चीवरील काळी भुकटी मोजत नाही. ती मोजण्याचे काम आपल्याच कायद्याचे आणि आपलेच आहे. हे अंतर जो विद्यार्थी दाखवील, त्याचा प्रबंध कपाटात पडून राहणार नाही.

त्यासाठी ग्रंथालयाबाहेर पडावे लागेल. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे ज्या प्रकल्पांना जनसुनावणी आवश्यक असते, त्यांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो, आणि लोकांनी मांडलेले मुद्दे नोंदवावे लागतात. १९९८ साली डेन्मार्कमधील ऑर्हुस येथे झालेल्या करारानेही माहिती, सहभाग आणि न्याय हे नागरिकाचे तीन हक्क मानले. या दोन व्यवस्थांची तुलना करावयाची असेल, तर ऑर्हुसचा मसुदा वाचावा, आणि सुनावणीच्या मंडपात छत्तीसगढी बोलणाऱ्या म्हातारीचे म्हणणे कागदावर नेमके कसे उतरले, तेही पाहावे.

मित्रहो, माधवराव सप्रे मराठीभाषी होते. त्यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढला. दासबोध आणि लोकमान्यांचे गीतारहस्य हिंदीत आणले. एका भाषेतील विचार दुसऱ्या भाषेतील माणसाच्या कामी यावा, हे व्रत त्यांनी या भूमीत पाळले. राइनकाठचा विचार खारूनकाठच्या माणसाला उपयोगी पडेल अशा भाषेत आणणे, हे आजच्या विद्यार्थ्याचे तेच व्रत आहे. तेव्हा पुढच्या वेळी घरातील मुलाने हा विषय निवडला, तर 'कशाला?' असे विचारू नका. 'लिहून झाले की उरल्याच्या लोकांना वाचून दाखवशील ना?' एवढेच विचारा.