काच, कारागीर आणि उजेड

लासलगावच्या बाजारात ज्या काळी कांद्याच्या बैलगाड्या रात्रीचा प्रवास करून पहाटे पोहोचत, त्या काळी गाडीखाली एक कंदील हेलकावे खात असे. त्याची काच राखेने पुसून लख्ख ठेवणे हे घरातील कोणाचे तरी नित्याचे काम असे. परंतु ती काच घडविली कोणी, हा प्रश्न क्वचितच कोणास पडला असेल. काचेचे दैवच असे आहे. ती जितकी उत्तम, तितकी ती स्वतः दिसेनाशी होते व पलीकडचेच तेवढे दिसते. स्वतः लोपून जाणे हाच ज्या पदार्थाचा गुण, त्यातून कलावंत काय निर्माण करितो व त्यास स्फूर्ती कोठून मिळते, याचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

महाराष्ट्रात काचेचा उद्योग उभा राहिला तो कलेच्या हौसेने नव्हे, स्वदेशीच्या तळमळीने. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. आणि त्या पैशापैशातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसाफंड काच कारखाना निघाला. जपान व अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथे तरुणांना भट्टीपाशी उभे करून हे शास्त्र शिकविले. पुढे १९१६ साली कराडजवळ ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघर पोहोचला. रसाचा गोळा फुंकणीच्या टोकावर घेऊन योग्य क्षणी श्वास सोडणे, घडलेली वस्तू एकदम गार होऊ न देता हळूहळू निववणे, ही विद्या आपल्या माणसांच्या हाती आली. मात्र त्या हातांकडून समाजाने मागितले ते कंदील, चिमण्या आणि बरण्या. ज्यास मागणी नाही ते कारागिराने घडवावे कसे?

शोभेची काच आपल्याकडे आली ती बहुधा बाहेरून. लासलगावच्या स्थानकावर मुंबईच्या गाडीत बसलेला प्रवासी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतो. १८८८ साली पूर्ण झालेल्या त्या वास्तूच्या रंगीत खिडक्यांकडे मान वर करून पाहण्यास त्या गर्दीत सवड कोणास असते? कुलाब्याचे अफगाण चर्च १८५८ सालचे; तेथील खिडक्या न्यूकॅसलच्या विल्यम वेल्स याच्या कार्यशाळेतील आहेत. मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय व राजाबाई मनोरा १८७८ साली पुरे झाले. प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी द्रव्य दिले व आपल्या मातेचे नाव मनोऱ्यास लाविले.

अशा खिडक्या कशा करितात ते थोडक्यात सांगतो. काचेला रंग येतो तो धातूंमुळे. कोबाल्टने निळा, तांब्याने हिरवा किंवा तांबडा, आणि सोन्याच्या अल्पशा अंशाने माणकासारखा. असे तुकडे आकृतीबरहुकूम कापून ते शिशाच्या खोबणीदार पट्ट्यांत बसवावयाचे आणि सांध्यांना डाख द्यावयाचा. चेहरा, बोटे, वस्त्राच्या चुण्या हे बारकावे रंगवून पुन्हा भट्टीत भाजावयाचे. पण एवढे करूनही चित्र अपुरेच असते. सूर्य उगवल्यावाचून ते पुरे होत नाही. रात्री बाहेरून पाहिली तर हीच खिडकी काळ्या पाटीसारखी दिसते.

आता ध्यानात घ्या, विलायतेतील खिडक्या घडल्या त्या तेथील मंद, ढगाळ उजेडाच्या हिशेबाने. त्या आपल्या प्रखर उन्हात आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत येऊन बसल्या. उन्हाने शिसे फुगते, थंडाव्याने आकसते. वर्षानुवर्षे असे होऊन पट्ट्या सैल पडतात, पत्रे पोट काढितात, तुकडे तडकतात. मुंबईच्या स्वाती चांदगडकर अशा खिडक्यांच्या जतनाचे काम करितात. राजाबाई मनोऱ्याच्या वास्तूतील काचा सुधारण्याचे कार्य त्यांच्या हातून झाले. त्या संपूर्ण वास्तूचा जीर्णोद्धार २०१५ साली पुरा झाला व २०१८ साली युनेस्कोने त्याचा गौरव केला. अशा कामात प्रत्येक तुकड्याची नोंद घ्यावी लागते, जुना हात कसा वळला हे ओळखावे लागते, आणि सर्व झाल्यावर स्वतःचा हात दिसू द्यावयाचा नसतो. परक्याच्या शतकापूर्वीच्या कामातून स्फूर्ती घेणारी ही कला मला नवनिर्मितीहून कमी वाटत नाही.

नवनिर्मितीकडे पाहिले तरी हेच दिसते. १९६२ साली अमेरिकेतील टोलेडो येथे हार्वे लिटलटन यांनी काचेची भट्टी कारखान्यातून कलावंताच्या खोलीत आणण्याचा प्रयोग केला. त्यानंतरच्या पिढीतील डेल चिहूली यांनी आपल्या प्रांतातील मूळ रहिवाशांच्या जुन्या टोपल्या एका संग्रहालयात पाहिल्या. वजनाने वाकलेल्या त्या टोपल्यांवरून त्यांनी १९७७ साली तशाच कललेल्या काचेच्या टोपल्या घडविल्या. आईच्या बागेतील फुले हीदेखील त्यांची स्फूर्ती. चेकोस्लोव्हाकियातील लिबेन्स्की व ब्रिख्तोवा या दांपत्याने काच साच्यात ओतून शिल्पे केली. काच जाड तेथे उजेड गडद, पातळ तेथे फिका. जणू छिन्नीऐवजी त्यांनी उजेडानेच कोरीव काम केले. टोपली, बाग आणि खिडकीतला उजेड. यांपैकी कोणती गोष्ट आपल्या गावी नाही?

तेव्हा उणीव स्फूर्तीची नाही. आपल्या डोळ्यांसमोर असलेली काच आपण पाहत नाही, ही उणीव आहे. आपल्याकडील कित्येक जुन्या वाड्यांत दारावरच्या कमानीत तांबड्या, निळ्या, हिरव्या काचा बसविलेल्या असतात. वाडा पाडावयाचा ठरला की सागवानाचा भाव ठरतो, दगडाचा ठरतो. काचा मात्र कुदळीखाली फुटून ढिगाऱ्यात जातात. श्रोतेहो, आपणांपैकी कोणाच्या घरी असा प्रसंग आला, तर माझी एवढीच विनंती आहे. आधी सुतारास बोलावून त्या काचांच्या कडेच्या पट्ट्या सोडवून घ्या, काचा कापडात गुंडाळून ठेवा, आणि नव्या घराच्या पूर्वेच्या खिडकीत त्या बसवा. खर्च थोडा आहे. परंतु सकाळच्या उन्हात जमिनीवर पडलेला तांबडा-निळा कवडसा पकडावयास एखादे मूल धावले, तर काचेच्या पुढल्या कलावंताची पहिली शिकवणी तेथेच झाली, असे खुशाल समजावे.