धुराड्यातील गाळणी आणि तिचे गणित



नामपल्ली स्थानकाजवळच्या प्रदर्शन मैदानावर दरवर्षी १ जानेवारीपासून 'नुमाइश' भरते. त्या दिवसांत सायंकाळी समोरच्या रस्त्यावर बसगाड्या आणि मोटारी एंजिने चालू ठेवून मुंगीच्या पावलांनी सरकत असतात. निजामाच्या रेल्वेने १९३२ च्या जूनमध्ये संस्थानात बसवाहतूक सुरू केली, ती अवघ्या २७ गाड्यांनिशी. त्यांच्या धुराची चिंता तेव्हा कोणी फारशी केली नसेल. आज मात्र ती कायद्यानेच करावी लागली आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या 'भारत स्टेज ६' या नियमांनुसार डिझेल मोटारीने एका किलोमीटरमागे ६० हजार कोटींहून अधिक कण हवेत सोडता कामा नयेत. हा आकडा ऐकून छाती दडपते. परंतु हे कण इतके सूक्ष्म असतात की, तेवढ्यांचे वजन चिमूटभरही भरत नाही. ते फुप्फुसांत खोलवर जातात, म्हणूनच त्यांच्या वजनाबरोबर त्यांची मोजदादही करावी लागते.

या कणांना अडविणारी गाळणी धुराच्या नळीत बसविलेली असते. मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सच्छिद्र सिरॅमिकचा तो एक ठोकळा. त्यात सुमारे दीड मिलिमीटर रुंदीच्या हजारो नळ्या असतात. एकीचे पुढचे तोंड बुजविलेले, तर शेजारणीचे मागचे. आत शिरलेल्या धुराला भिंत भेदून शेजारच्या नळीत गेल्यावाचून गत्यंतर नसते. आता मौज पहा: भिंतीची छिद्रे दहा ते वीस मायक्रॉनांची आणि काजळीचा कण साधारण मायक्रॉनाच्या दहाव्या हिश्शाचा. वेशीतून मुंगी जावी तसा तो सहज निसटावयास हवा! तरीही तो सापडतो, कारण तो सरळ रेषेत चालत नाही. वायूच्या रेणूंचे धक्के खात तो वेडावाकडा भरकटतो आणि वाटेत भिंतीला चिकटतो.

पुढचे काम साचलेली काजळीच करते. चक्का टांगताना फडक्यातून आरंभी गढूळ पाणी येते. फडक्याला आतून थर धरला की निवळशंख पाणी ठिबकू लागते. येथेही तसेच आहे. कोरी गाळणी काही कण सोडते, थर बसल्यावर जवळजवळ सोडीत नाही. परंतु थर जाड होईल तसा धुराला बाहेर पडण्यास जोर लागतो, आणि तो भुर्दंड डिझेलच्या रूपाने मालकाला पडतो.

येथेच गणिताचे प्रयोजन निर्माण होते. फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याची व्यवस्था पाहणाऱ्या हेन्री दार्सी या अभियंत्याने १८५६ साली वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचा नियम प्रसिद्ध केला. तोच नियम गाळणीच्या भिंतीला आणि काजळीच्या थराला लागू पडतो. १९८४ साली एडवर्ड बिसेट यांनी समोरासमोरच्या दोन नळ्या घेऊन प्रवाह, उष्णता आणि ज्वलन यांची समीकरणे एकत्र मांडली. पुढील पुष्कळशा प्रतिमानांचा पाया तेथे आहे. दोन नळ्या समजल्या की सगळा ठोकळा समजला, हे गृहीत सोयीचे आहे. मात्र ठोकळ्याच्या कडा मध्यभागापेक्षा थंड राहतात, हे विसरून चालत नाही.

खरा पेच आहे तो काजळी जाळण्याचा. प्राणवायूने ती सुमारे ५५० ते ६०० अंश सेल्सिअसला जळते. नायट्रोजन डायऑक्साइड असल्यास तीनशे अंशांच्या आसपासही हळूहळू जळते. प्रदर्शन मैदानासमोर रखडलेल्या गाडीचा धूर बहुधा तेवढाही तापत नाही, आणि काजळी साचत राहते. मग नियंत्रक यंत्रणा जादा इंधन देऊन गाळणी तापविते. अशा ऐन वेळी चालकाने पाय काढून एंजिन मंद केले तर? धुराचा ओघ कमी झाल्याने उष्णता वाहून नेणारा कोणी उरत नाही. उलट धुरातील प्राणवायू वाढतो. काजळी भडकते, तपमान हजार अंशांवर जाऊ शकते आणि सिरॅमिकला तडा जातो. तडकलेल्या गाळणीतून धूर पुन्हा मोकळा सुटतो. म्हणून किती काजळी साचेपर्यंत थांबावे, हा प्रश्न प्रतिमानाने आधी सोडवून ठेवावा लागतो.

गाडीतील यंत्रणा हा अंदाज केवळ दाबावरून बांधीत नाही. थर मधूनच जळून त्याला भोके पडली, तर दाब उतरतो. काजळी मात्र पुष्कळ उरलेली असते. यास्तव गाडी कशी, किती चालली याचाही हिशेब ठेवावा लागतो. पुण्याच्या वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था आहे. तेथील प्रयोगशाळांत एंजिने ठरावीक वेळापत्रकाने चालवून तपासली जातात. माझ्या मते प्रतिमानाची खरी कसोटी मात्र रखडलेल्या वाहतुकीत आहे. मोकळ्या हमरस्त्यावर कोणतीही गाळणी शहाण्यासारखी वागते!

काही मंडळी सूचक दिवा लागला की गाळणीच काढून टाकतात. एंजिन हलके चालते हे खरे. पण तो धूर मग मागच्या रिक्षातील मंडळींच्या वाट्यास जातो. त्याऐवजी गाडी एखाद्या मोकळ्या रस्त्यावर काही वेळ सलग चालविली, तर बहुधा दिवा आपोआप विझतो. वंगणाच्या तेलातून येणारी राख मात्र जळत नाही. ती वर्षानुवर्षे नळ्यांच्या टोकांशी साठते, आणि ती काढण्यासाठी गाळणी उतरवून स्वच्छ करावी लागते.